डाव्या हाताची गाठ

३ ऑक्टोबर

प्रिय मुंगी,

पार्सल परत आलं. पोस्टमनने दारात उभं राहून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं. वर लाल शिक्का होता, 'घेण्यास नकार'. सुतळीची गाठ मी मारली होती तशीच होती. मी डावखुरी, माझ्या गाठीचा पीळ जगाच्या उलटा बसतो. तुला हे सांगायला नको. लहानपणी तुझ्या बुटांच्या नाड्या मी बांधल्या की त्या तुला सुटायच्या नाहीत, आणि तू तशीच ओढून-ताणून पाय बाहेर काढून, बूट हातात घेऊन घरी यायचीस.

'या घरातला धागासुद्धा मला नको,' असं तू जाताना म्हणालीस ते मी विसरलेले नाही. पण मी मनाशी म्हटलं, लोकर म्हणजे काही धागा नव्हे. धागा कापसाचा असतो, लोकर मेंढीची. आणि मेंढी काही आपल्या घरातली नव्हती. मी वकील व्हायला हवं होतं.

तुला मुलगा झालाय हे मला कसं कळलं म्हणशील. तुझी ती वर्गमैत्रीण दातांची डॉक्टर झाली ना, तिच्या दवाखान्यात मी जाऊन बसले. दाढ अजिबात दुखत नव्हती. एकदा गेले, दुसऱ्यांदा गेले, इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, तिने ताकास तूर लागू दिली नाही. पुढच्या खेपेला तिने माझ्या तोंडात आरसा घातला, सगळीकडे फिरवला आणि म्हणाली, "काकू, दात धडधाकट आहेत. तिला मुलगा झालाय, आता चालायलाही लागलाय, दोघं बरे आहेत. आता उठा, बाहेर पेशंट बसलेत." तुझा पत्ताही तिनेच दिला. तिच्यावर चिडू नकोस, माझ्यापुढे तिचं काय चालणार.

बाबांना यातलं काही ठाऊक नाही. मी त्यांना 'क्लासचं सामान' म्हणून सांगितलंय. वाचनालयाच्या वरच्या खोलीत माझा दुपारचा विणकामाचा क्लास अजून चालू आहे, त्यामुळे घरात लोकर दिसली तर कोणी विचारत नाही. ते तुझं नाव काढत नाहीत. 'आम्हाला मुलगी झालीच नव्हती असं धरून चालू,' हे बोलले ते बोलले. वयाने एवढा मोठा, एकदा संसार मोडलेला जावई त्यांना पचला नाही. आणि तू त्यांना ओळखतेसच. उभा जन्म वजनमापं खात्यात गेला, दुकानादुकानांतून काटे तपासत फिरले, एका ग्रॅमचं खोटं कधी खपवून घेतलं नाही. बोललेला शब्द मागे घेणं त्यांच्या लेखी माप मारण्यासारखंच आहे.

पार्सल मांडीवर घेऊन मी पलंगावर बसले आणि मला रडू आलं. आवाज होऊ दिला नाही. हे खिडकीपाशी पेपर वाचत होते. कितीतरी वेळ पान उलटल्याचा आवाज आला नाही, डुलकी लागली असावी.

स्वेटर पिवळा आहे. उघडून तरी बघायचास गं.

आई


२६ नोव्हेंबर

मुंगे, मुंगे, लबाडे!

मला वाटलं होतं, मीच एक हिकमती. खाण तशी माती हे मी कसं विसरले?

पहिलं पार्सल परत आलं त्या आठवड्यात मी नीट जेवले नाही. क्लासही बंद ठेवला. मग पुन्हा सुया हातात घेतल्या, निळ्या लोकरीचा अंदाजाने थोडा मोठा विणला आणि पाठवून दिला. तो आज आला. मी क्लासला गेले होते, ह्यांनी घेऊन ठेवला होता. मी चपला काढतेय तोच खुर्चीतून म्हणाले, "तुझं सामान आलंय. जाताना होतं त्यापेक्षा जरा जड वाटतंय." सवयच आहे त्यांना. कोणतीही वस्तू हातात घेतली की वजन सांगितल्याशिवाय खाली ठेवत नाहीत. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, ह्यांच्या हाताला सगळं कळतं, ह्यांना मात्र काही कळत नाही.

तेच लाल अक्षरांतलं 'घेण्यास नकार'. पण गाठ! गाठ माझी नव्हती. उजव्या हाताची, घट्ट, सरळ पिळाची गाठ. मी दार लावून घेतलं आणि उघडलं. स्वेटरचा गळा ताणलेला. उजव्या बाहीच्या टोकाला काहीतरी चिकट. आणि खिशात, मी उगीच हौसेने लावलेल्या त्या एवढ्याशा खिशात, अर्धं बिस्कीट.

मी ते बिस्कीट हातात घेऊन किती वेळ बसले होते कोण जाणे. मग हसायला लागले. ह्यांनी बाहेरून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "क्लासमधल्या एका बाईने बाहीच्या जागी गळा विणलाय." ते म्हणाले, "हं."

तर तू पार्सल घेतलंस, उघडलंस, त्याला घालून बघितलंस, तो त्यात खेळला, त्याने खाल्लं, सांडलं, आणि मग पुन्हा बांधून 'नको' म्हणून पाठवलंस. म्हणजे शब्दही राहिला आणि स्वेटरही झाला. या घरातला धागा तू ठेवून घेतला नाहीस, फक्त घालून पाहिलास. मी असते तर मीही हेच केलं असतं. पोस्टमनला कसं पटवलंस ते मात्र मला कधीतरी सांग.

आता मला त्याचं माप मिळालं. गळ्याच्या ताणावरून डोकं कळलं, काखेत पडलेल्या चुण्यांवरून छाती. माझ्या हातून आता चूक व्हायची नाही.

तुझ्या गावी थंडी फार असते. त्याचे कान झाकत जा.

आई


१८ फेब्रुवारी

प्रिय मुंगी,

हिरवा परत आला. उजव्या हाताचीच गाठ. बाह्यांना दोन दुमडी पडलेल्या, म्हणजे लांब झाल्या. पण छातीत घट्ट होत असावा, बटणाची काजं फाकलीत. तर माझा नातू आडव्या अंगाचा आहे! आपल्याकडे असं कोणी नव्हतं, जावयांच्या बाजूचं असेल. कोपरावर मातीचा डाग आहे. पडला होता का? लागलं नाही ना फार? मी तो डाग धुतलेला नाही.

परत आलेले स्वेटर मी कपाटात तुझ्या खणात ठेवते. तुझा खण अजून तुझाच आहे, फक्त आता त्यात तुझ्याऐवजी त्याचे कपडे आहेत. मधूनच काढून मांडते ओळीने, पिवळा, निळा, हिरवा. मूल कसं वाढतंय ते पलंगावर दिसतं.

बाबांची तब्येत मध्ये जरा नरम होती. काळजीचं काही नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, आणि 'चाला' म्हटलं की ते बसतात. म्हणून मी एक युक्ती केली. एका फेरीत सगळं मागवतच नाही. आधी बटणं आणा म्हणते. ती आणली की म्हणते, अगंबाई, दोरा राहिला. दोरा आणला की रंगाची छटा चुकते. बिचारे निमूट जातात. जिना उतरताना त्यांची पावलं ऐकत मी गॅलरीत उभी असते, आणि मला माझंच कौतुक वाटतं. पन्नास वर्षं होत आली संसाराला, त्यांना अजून माझा एकही डाव ओळखता आलेला नाही.

परवा मात्र गंमत झाली. मी क्लासची लोकर गुंडाळत होते, तर बाबा लोकरीची लड दोन हातांवर ताणून धरून समोर बसले. आपणहून. असं त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी केलं असेल. मी विचारलं, "आज काय विशेष?" तर म्हणाले, "हात रिकामे होते." मग थोड्या वेळाने म्हणाले, "हा रंग लहान मुलाला चांगला दिसेल." माझ्या हातातला गुंडा पडायचाच बाकी होता. चोराच्या मनात चांदणं. मी म्हटलं, "क्लासच्या बाईंच्या भाच्यासाठी आहे." ते म्हणाले, "तेच म्हणतो मी."

एक ओळ लिहीत का नाहीस? गाठ बांधतेस तशी एक ओळ. मी कोणाला सांगणार नाही.

आई


६ ऑगस्ट

मुंगी,

तुझे बाबा गेले.

दातांच्या डॉक्टरणीने तुला फोन केला होता. तू 'बरं' म्हणालीस म्हणे. मी तिला खोदून खोदून विचारलं, आणखी काय म्हणाली, आवाज कसा होता, मध्ये थांबली का. ती म्हणाली, "काकू, एवढंच." मी दोन दिवस जिन्यावरच्या प्रत्येक पावलाकडे कान लावून होते. मग सोडून दिलं.

मी त्यांना बटणं आणायला पाठवलं होतं. ती त्यांनी आणली. पांढरी आणली होती आणि मला हवी होती मोतिया रंगाची. खरं म्हणजे मला दोन्ही चालली असती. मी म्हटलं, "अहो, ही नव्हेत." तर नेहमीसारखे उठले नाहीत, म्हणाले, "जातो. जरा टेकतो आणि जातो." मी स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा पुडी तशीच मुठीत होती.

लोक येतात, समजूत घालतात. म्हणतात, सुखाचं मरण आलं. आलंही असेल. पण शेवटचा जिना मी त्यांना उगीच चढायला लावला, हे माझ्या डोक्यातून जात नाही. डॉक्टर म्हणतात, चालण्यामुळे उलट दिवस वाढले. मला ते ऐकू येतं, पटत नाही.

त्यांचा करडा स्वेटर मी उसवायला घेतलाय. तोच, ऑफिसचा, कोपरांना विरलेला. जुनी लोकर उसवली की तिच्यात पूर्वीच्या टाक्यांचे वळसे राहतात. धुऊन, खाली वजन बांधून वाळत घालावी लागते, तेव्हा कुठे ती सरळ होते. वजनाला त्यांच्याच पेटीतलं पितळी माप बांधलंय. गॅलरीत टांगलंय, हलतं वाऱ्याने.

यातून त्याच्यासाठी एक होईल. यंदा त्याच्या बाह्या मी आधीच आखूड धरल्यात. हा परत करू नकोस. कबूल, हा या घरातला धागा आहे, आता मी मेंढीचं नाव पुढे करत नाही. पण हा ठेव.

आई


२० सप्टेंबर

करडा परत आला.

माझी गाठ. डाव्या हाताची, जशी मारली तशी. सुतळीचा तंतूही हललेला नाही.

एवढे दिवस उघडत होतीस. पिवळा सोडला तर सगळे उघडलेस. निळा उघडलास, हिरवा उघडलास, उन्हाळ्यात पाठवलेला तो बिनबाह्यांचा, त्यावर तर जांभळे डाग पाडून पाठवलेस. आणि बाप गेल्यावर, बापाच्याच अंगावरची लोकर आली, तर ती नाही उघडवली तुला? दगडालाही पाझर फुटतो गं. ते काय बोलले, रागाच्या भरात एक वाक्य बोलले. ते वाक्य घेऊन गेला तो माणूस. आता तू कोणाशी भांडतेस? माझ्याशी? मी काय केलं होतं? मी तर दोन्हीकडून मारच खात होते. तुला वाटतं आईला काय, आई चतुर आहे, ती काहीतरी मार्ग काढेल. नाही निघत दरवेळी.

मी दाराला टेकून खाली बसले आणि मोठ्याने रडले. आता पेपर वाचत बसलेलं कोणी नव्हतं, मग आवाज का आवरायचा.

हे पत्र टाकावं की नाही, ठरत नाहीये. टाकते.


२९ सप्टेंबर

मुंगी,

मागचं पत्र फाडून टाक. वाचलं नसशील तर वाचू नकोस.

काल खालची लाँड्रीवाली वर आली. बाबांचा एक सदरा तिच्याकडे राहिला होता, इस्त्री करून घेऊन आली. कडेवर तिची पोरगी, गुबगुबीत, आडव्या अंगाची. मी सदरा घेतला. मला वाटलं, आता जाईल. ती तिथेच घुटमळली. म्हणाली, "काकू, विचारू नये, पण ही सारखी विचारते. आजोबा स्वेटर घालून बघायला कधी येणार?"

मी म्हटलं, "कोणते आजोबा?"

"अहो, काका. ते नाही का, पार्सल घेऊन यायचे."

मी तिला आत बसवलं. तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते.

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी तुझे बाबा पार्सल काखेत मारून तिच्या दुकानात गेले. बाकावर बसले, गाठ सोडली आणि म्हणाले, "तुमची मुलगी जरा अर्धा तास देता का?" ती घाबरलीच. मग त्यांनी स्वेटर तिच्या पोरीला चढवला. "हात वर कर म्हणाले, खाली कर म्हणाले, पळून ये म्हणाले. खिशातून बिस्किटं काढून तिला दिली. म्हणाले, अर्धं खा आणि अर्धं खिशात ठेव. मी म्हटलं काका, नवा स्वेटर खराब होईल. तर म्हणाले, व्हायलाच हवा." मग पुन्हा घडी घालून, कागदात गुंडाळून, सुतळी बांधून वर निघून आले. दरवेळी असंच. हिरवा घालून पोरगी दुकानासमोर पडली तेव्हा तिने डाग पुसायला ओलं फडकं आणलं, तर ह्यांनी तिचा हात धरला.

"एकदा मी विचारलं, काका, हे कशासाठी? सुतळीचा पीळ घट्ट करत राहिले. मग म्हणाले, गाठ माझ्या हाताचीच बरी. माझी मुलगी माझ्यावर गेलीये, उजव्या हाताची. तिची आई फसेल."

मी तिला पुन्हा म्हणायला लावलं. काय म्हणाले? "माझी मुलगी," असं म्हणाले. लाँड्रीत, कपड्यांच्या ढिगात बसून म्हणाले. घरात भिंतीनेसुद्धा ऐकलं नाही.

मुंगी, मी या माणसाबरोबर जन्म काढला. त्यांना काही कळत नाही असं समजून मी चोरून विणलं, चोरून बांधलं, त्यांना जिना चढवला-उतरवला. आणि ते माझ्याच पार्सलात बिस्किटं भरत होते. जरा जड वाटतंय म्हणाले. मी खिसा तपासावा म्हणून म्हणाले. शेरास सव्वाशेर, आणि मला जन्मभर पत्ता नाही. ज्याने कोणाला एका ग्रॅमचं खोटं करू दिलं नाही त्याने माझ्यासाठी एवढं मोठं माप मारलं. काखेत कळसा आणि मी गावभर वळसे घेत होते.

खरं तर त्यांनी तुला फोन करायला हवा होता. एक फोन, की ये घरी. ते त्यांना जमलं नाही. हे जमलं. मला त्यांचा रागही येतो आणि तो कोणावर काढू कळत नाही.

आता हेही कळतंय की तू एकही उघडलेलं नव्हतंस. माझी पत्रं वाचत असशील, तर मी चुकतेय हे तुला त्या पहिल्या 'लबाडे'पासून माहीत होतं. तू तसं कळवलं नाहीस. ते माझ्या कीवेने, की तू पत्रंही उघडत नाहीस म्हणून, हे समजायला मला मार्ग नाही. मी कीव धरून चालते. माझ्या सोयीचं आहे.

रात्री तुझा खण उघडून बसले. पलंगावर ओळीने मांडले सगळे. मी ज्याला वाढताना बघत होते ते मूल कुठेच नव्हतं गं. आडव्या अंगाचा, धडपड्या, बिस्किटं खिशात ठेवणारा. आम्ही दोघांनी मिळून त्याला वाढवलं, एकमेकांच्या चोरून. त्याचे आजोबा गेले त्या दिवशी तोही गेला.

सकाळी ते सगळे स्वेटर खाली नेऊन लाँड्रीवालीच्या पोरीला दिले. निळा आता होत नाही, तिच्या बाहुलीला होईल. हिरवा तिने लगेच चढवला आणि खिशात हात घातला. खिसा रिकामा होता. तिने माझ्याकडे बघितलं. उद्या बिस्किटं घेऊन जायला हवं.

करडा तेवढा ठेवलाय. माझ्या गाठीसकट. तो उसवणार आहे, कारण तो त्या पोरीच्या मापाचा आहे आणि लोकर तिच्या मापात घालवायची नाही. पण पुन्हा विणायचा तर अंदाज उरला नाही. खरंच, मला तुझ्या मुलाबद्दल काही म्हणजे काहीच माहीत नाही.

म्हणून आज विचारते. दाढदुखीचं सोंग नाही, क्लासचं सामान नाही, मेंढीची वकिली नाही. मला आडून विचारायची इतकी सवय की सरळ कसं विचारतात ते आठवावं लागतंय.

तू येऊ नकोस. पार्सल घेऊ नकोस. एक शब्द लिहू नकोस. फक्त एक दोरा घे, तो उभा असताना त्याच्या छातीभोवती फिरव, जिथे टोकं जुळतील तिथे काप आणि पाकिटात घालून पाठव. गाठ मारू नकोस, माप चुकेल.

या घरातला धागा तुला नको, ठीक आहे. तुझ्या घरातला एक मला दे.

आई